मोकळी जागा मोकळी का असते?

दिवाळीत भाची डेन्व्हरहून नागपूरला आली ती पाठीवर तंबू घेऊनच. इथून पुढे मैत्रिणींबरोबर उत्तराखंडला जायचं होतं. धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर तिनं तो उलटा करून वाळत टाकला, तेव्हा वरच्या कापडाच्या आतल्या बाजूला ओघळ सुकल्याच्या पांढुरक्या रेघा दिसल्या. “मामा, बाहेर आभाळ कोरडं ठाक आणि आत पाऊस पडत होता,” ती म्हणाली.

प्रसंग सप्टेंबरमधला, कोलोरॅडोतला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत बऱ्याच ठिकाणी ठरवून दिलेल्या तळाबाहेरही तंबू ठोकायची मुभा असते. नळ नाही, संडास नाही, कचराकुंडी नाही. एका जागी राहायची मर्यादा बहुतेक वनांत 14 दिवस. याला ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात. ‘विखुरलेला मुक्काम’ हे भाषांतर कानाला बरं लागत नाही, आपण ‘आडरानातला मुक्काम’ म्हणू. यात जागा कुणी आखून दिलेली नसते, ती आपणच निवडायची. भाचीनं निवडली साधारण 3,000 मीटरवरची, स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलातली एक सपाट, गवताळ, खोलगट मोकळी जागा. मधून ओढा. पाण्यापासून 60 मीटर लांब राहायचं हा नियमही तिनं पाळला. पहाटे बाटलीतलं पाणी गोठलेलं होतं. उतारावर थोडं वर, झाडांत उतरलेल्या दुसऱ्या मंडळींच्या बाटलीत मात्र पाणीच होतं.

हे कोडं नागपूरकराला सोडवता यावं, कारण मे महिन्यात गच्चीवर झोपायचा अनुभव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मध्यरात्री स्लॅब अजून तापलेला असतो, पण अंगावरच्या चादरीची आभाळाकडची बाजू गार लागते. ज्याची खाट पाण्याच्या टाकीखाली किंवा कडुनिंबाच्या फांदीखाली असते, तोच उकाड्यानं कुरकुरतो. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. डोक्यावरची फांदी त्यातली बरीचशी परत करते, निरभ्र आभाळ त्याहून कमी. उंचावर हवा विरळ आणि कोरडी, म्हणजे उष्णता अडवणारी वाफेची गोधडीही पातळ. सूर्य डोंगराआड गेला की मोकळ्यावरचं गवत झपाट्यानं थंड होतं.

पुढचा भाग दुचाकीवाल्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात रात्री काटोल रोडनं येताना रस्ता नाल्याच्या पुलाकडे उतरला की गुडघ्यांना एकदम गार झोत लागतो, आणि चढ लागला की तो जातो. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारानं वाहते आणि खोलगट जागेत साचते. डोंगरात वारा पडलेला असेल तर पहाटेपर्यंत अख्खा खळगा थंड हवेनं भरतो. अमेरिकेच्या युटा राज्यात पीटर सिंक्स नावाचा असाच एक खळगा आहे, साधारण 2,500 मीटरवर. तिथं 1 फेब्रुवारी 1985 रोजी उणे 56 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मला त्या आकड्यापेक्षा तिथली झाडं जास्त बोलकी वाटतात. काठावर ती आहेत, तळाशी नाहीत. डोंगराची वृक्षरेषाच, म्हणजे जिच्यावर थंडीमुळे झाडं वाढत नाहीत ती रेषा, तिथं उलटी झाली आहे: थंडीनं झाडांना वरून नव्हे, खालून हाकललं.

म्हणून जंगलात मोकळी जागा दिसली की ती मोकळी का आहे, हे आधी विचारावं. कारण दर वेळी थंडीच असेल असं नाही. कुठे पाणथळ जमीन असते, कुठे जुना वणवा, कुठे हिमकडे कोसळण्याची वाट. यातलं एकही कारण तंबूला सोयीचं नाही.

आतल्या पावसाचा उगमही हाच. श्वासातून आणि त्वचेतून माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात सोडतो. तंबूचं वरचं कापड आभाळाला उष्णता देऊन भोवतालच्या हवेपेक्षाही गार झालेलं असतं, त्यावर ती वाफ जमते आणि ओघळते. वीस-तीस मीटर वर, झाडांखाली सरकलं तर थंडी आणि ओल दोन्ही कमी होतात. झाड मात्र जिवंत हवं. रॉकी पर्वतात खोडकिड्यांनी मारलेले पाइन लाखोंनी उभे आहेत आणि वाऱ्यात ते पडतात. तंबू ठोकण्याआधी मान वर करून बघायचं, एवढंच.

झिरो माइलजवळच्या दगडावर नागपूरची उंची 1020.171 फूट कोरलेली आहे, म्हणजे जेमतेम 311 मीटर. इथं पाणी 99 अंशांना उकळतं, 3,000 मीटरवर 90 अंशांना, त्यामुळे कुकर नसेल तर तुरीची डाळ विसरा. झोपही विचित्र लागते. शेजारच्या मैत्रिणीचा श्वास रात्री मधेच थांबायचा, भाची घाबरून आकडे मोजायची, आणि दहाच्या आसपास एक मोठा उसासा येऊन श्वास परत सुरू व्हायचा. प्राणवायू कमी म्हणून शरीर जोरात श्वास घेतं, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. तो उतरला की मेंदूला श्वासाची निकड वाटत नाही, आणि तो पुन्हा साचेपर्यंत सगळं थांबतं. निरोगी माणसातही उंचावर असं होतं. डोकेदुखी, उलटी किंवा झोकांड्या असतील तर मात्र आणखी वर जायचं नाही. झोकांड्या म्हणजे लगेच खालीच उतरायचं.

आता न बोलण्याचा विषय. आडरानात शौचासाठी पाण्यापासून लांब, 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डा करून बुजवायचा असतो. गाडलं की माती सगळं पचवते, अशी आपली समजूत. ती शेतातल्या उबदार, जिवाणूंनी भरलेल्या मातीपुरती ठीक आहे. माँटानाच्या डोंगरांत मुद्दाम जिवाणू मिसळून पुरलेल्या विष्ठेवरचा अभ्यास 1980 साली छापून आला. हिवाळा उलटून बर्फ वितळलं तरी साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू जिवंत होते, आणि खड्ड्याच्या खोलीनं काही फरक पडला नव्हता. पाण्यापासूनचं अंतर म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं. गर्दीच्या वाटांवर तर पिशवीत भरून खाली आणणं हाच मला एकमेव सभ्य मार्ग वाटतो, ऐकायला कसाही वाटो.

उत्तराखंडात नियम वेगळे आहेत. वन खात्याच्या परवानगीशिवाय जंगलात राहता येत नाही, आणि वृक्षरेषेवरच्या गवताळ बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला तिथल्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये बंदी घातली. तंबू वाळला तेव्हा भाची गच्चीवरच नकाशा पसरून बसली होती. बुग्यालाच्या खालचं जंगल, परवानगीची जागा, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा. खळगा दिसला की पेन्सिलनं फुली मारत होती.