ड्रग्ज तस्कराला आपल्याकडे फाशी नाही?
‘आपल्या कायद्यात ड्रग्ज तस्कराला फाशीच नाही, हवी असेल तर हो म्हणा’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तरतूद मात्र १९८९ पासून आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचं कलम ३१अ उघडा (मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो) आणि फाशीसाठी किमान किती माल लागतो, तो त्यातला तक्ता बघा: हेरॉइन १ किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो. पण आरोपी आधी व्यापारी प्रमाणाच्या, म्हणजे हेरॉइन असेल तर २५० ग्रॅमच्या वरच्या, गुन्ह्यात दोषी ठरलेला हवा. गोंधळ होतो तो इथेच. पहिल्या वेळी १० ते २० वर्षं सक्तमजुरी. बातमीत बहुधा तेवढंच येतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या वेळीही फाशी सक्तीची नाही, न्यायाधीश ठरवतात. तेव्हा ‘हो’ कशाला म्हणायचं, हे मेसेज सांगतच नाही: कितव्यांदा, किती माल?