प्रिसेप्टर आणि मेंटॉर

रुग्णालयात नव्या परिचारिकेला घडवणाऱ्या अनुभवी सहकाऱ्यांच्या दोन भूमिका. प्रिसेप्टर प्रशासनाने ठरावीक काळासाठी नेमलेली असते. मेंटॉर बहुधा नव्या परिचारिकेने स्वतः निवडलेली असते आणि ते नाते वर्षानुवर्षे टिकते.

प्रिसेप्टरचे काम रुग्णाच्या खाटेजवळ चालते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की वाशीचे महापालिका रुग्णालय, रुजू होणाऱ्या सिस्टरला पुस्तकातली पद्धत पाठ असते. पण एकाचे सलाईन संपत आले आहे, दुसऱ्याला ऑपरेशनला न्यायचे आहे आणि तिसऱ्याचा रक्तदाब घसरतो आहे, अशा वेळी आधी कुणाकडे धावायचे हे शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते. शिक्षणातून सेवेत येताना बसणाऱ्या या धक्क्याचे वर्णन अमेरिकेतील परिचर्या संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये केले. प्रिसेप्टर आधी करून दाखवते, मग करून घेते आणि हात बसला की कौशल्यांच्या यादीवर सही करते. ती सही म्हणजे रुग्णाच्या सुरक्षिततेची हमी. त्यासाठी दोघींच्या ड्युट्या जुळायलाच हव्यात; एक नाइटला आणि दुसरी मॉर्निंगला असेल तर नेमणूक कागदावरच राहते. या काळात प्रिसेप्टरकडचे रुग्णही कमी करायला हवेत. स्टाफ अपुरा असला की नेमके हेच राहून जाते, आणि त्याचा भार दोघींवर पडतो.

मेंटॉर मूल्यमापन करत नाही. वॉर्डात पहिला मृत्यू पाहिल्यावरची घालमेल, आयसीयूत जावे का, पुढे शिकावे का, हे तिच्याशी बोलता येते. जिच्या हाती आपला अहवाल आहे तिच्यापुढे ‘मला भीती वाटते’ म्हणणे अवघड जाते. म्हणून या दोन जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे देऊ नयेत. सिस्टर कळव्याहून नेरूळच्या रुग्णालयात गेली तर प्रिसेप्टर बदलते, मेंटॉर बदलण्याचे कारण नसते.

ब्रिटनमध्ये मात्र या संज्ञा वेगळ्या अर्थाने रुळल्या. तिथे विद्यार्थ्यांचे मूल्यमापन मेंटॉरच करत असे आणि प्रिसेप्टर नव्याने नोंदणी झालेल्या परिचारिकेसाठी असे. तिथल्या परिचर्या नियामक परिषदेच्या २०१८ च्या मानकांनी विद्यार्थ्यांसाठीचे मेंटॉरपद काढून पर्यवेक्षक आणि मूल्यमापक अशी विभागणी केली. ब्रिटिश पुस्तके वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या अतिदक्षता विषयातील नर्स प्रॅक्टिशनर (प्रगत प्रशिक्षण घेतलेली परिचारिका) अभ्यासक्रमात परिचारिका आणि डॉक्टर, दोघेही प्रिसेप्टर असतात.