अर्धा सॅक येतो कुठून?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधे मायकल स्ट्रेहानने २००१च्या सीझनमधे २२.५ सॅक केले, टी. जे. वॉटने २०२१मधे तेवढेच केले, आणि हे वाचलं की कोणीतरी विचारतंच की तो वरचा अर्धा कुठला, क्रिकेटमधे कोणाला साडेतीन विकेट मिळतात का? प्रश्न रास्त आहे, आणि मला या खेळाच्या आकडेवारीतला सगळ्यात आवडता भाग तोच आहे.

सॅक म्हणजे क्वार्टरबॅक (टीमचा पास टाकणारा मुख्य खेळाडू) पास टाकायच्या बेतात असताना, बॉल हातातून सुटायच्या आत, त्याला लाइन ऑफ स्क्रिमेजच्या, म्हणजे खेळी जिथून सुरू होते त्या रेषेच्या, मागे पाडणं. तोच माणूस त्याच जागी पडला पण प्ले, म्हणजे ती खेळी, मुळात बॉल घेऊन पळायचीच होती तर सॅक नाही, नुसता टॅकल फॉर लॉस (रेषेच्या मागे पाडल्याची साधी नोंद). म्हणजे नोंद करणाऱ्याला बेत काय होता तेही ठरवावं लागतं! आता दोघांनी मिळून पाडला, एकाने कंबर धरली दुसऱ्याने पाय, तर दोघांना ०.५ आणि ०.५. क्वार्टरबॅक एकदाच पडला, बेरीजही १च. कुणाचाही आकडा बघा, शेवटी पूर्ण नाहीतर .५.

टॅकलचं, म्हणजे बॉल घेतलेल्याला पाडण्याचं, मात्र तसं नाही. रनिंग बॅकला (बॉल घेऊन पळणाऱ्याला) दोघांनी पाडलं की असिस्ट, म्हणजे मदतीची नोंद, लागतो, आणि कंबाइन्ड टॅकल (एकूण टॅकल) काढताना सोलो (एकट्याने पाडलेले) आणि असिस्ट सरळ मिळवतात, म्हणजे दोघांच्याही नावावर पूर्ण १. माणूस पडला एकदा, खात्यात टॅकल २. म्हणून टीममधल्या सगळ्यांच्या टॅकलची बेरीज केली तर ती माणसं पडली त्यापेक्षा जास्त भरते, सॅकची बेरीज मात्र टीमच्या एकूण सॅकच्या वर कधीच जात नाही. एकाच खेळात वाटून घ्यायचा आकडा आणि वाढत जाणारा आकडा शेजारीशेजारी छापलेले असतात आणि आपण दोन्ही एकाच नजरेने वाचतो.

त्यात सॅक एनएफएलमधे अधिकृत झाला १९८२ला, त्यामुळे साठच्या दशकातल्या डीकन जोन्स या डिफेंडरचे सॅक अधिकृत यादीत नाहीतच, अभ्यासकांनी ते नंतर जुन्या नोंदी आणि फिल्म बघून मोजले. टॅकल तर अजूनही लीगची अधिकृत आकडेवारी नाही, प्रेस बॉक्समधे बसलेली यजमान टीमची माणसं ते मोजतात, आणि खेळाडूंच्या ढिगाऱ्यात तिसरा हात कोणाचा होता हे प्रत्येक स्टेडियममधे सारखंच दिसेल याची खात्री नाही.

हल्ली सांगतात की आता चिप आल्या, सगळं मशीन मोजतं. हे खरं नाही. शोल्डर पॅडमधली चिप सेकंदाला १० वेळा सांगते की खेळाडू कुठे आहे आणि किती वेगात आहे, पण दोन डिफेंडर एकमेकांना चिकटून असताना पकड कोणाची होती हे तिला कळत नाही, ते शेवटी माणूसच बघून ठरवतो. म्हणूनच कोच लोक मॅचनंतर फिल्म परत लावतात आणि टॅकल स्वतः मोजतात, आणि त्यांचा आकडा टीव्हीवरच्या आकड्याशी बऱ्याचदा जुळत नाही.