सैनिकी शाळा (सोलापूर परिसर)

सैन्यदलांत अधिकारी होण्याची तयारी शाळकरी वयापासून करून घेणारी निवासी शाळा. अभ्यासक्रम चारचौघांच्या शाळेतलाच असतो. त्याला कवायत, मैदान, वसतिगृहातली शिस्त आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या परीक्षेची तयारी यांची जोड असते. सोलापूर जिल्ह्यात ‘पोराला मिलिटरीच्या शाळेत टाकलंय’ असे कोणी सांगितले, की ‘कुठल्या?’ हे विचारावेच लागते. या एका नावाखाली निदान चार वेगळ्या व्यवस्था नांदतात, आणि पालकांची बरीचशी फसगत त्या एकच समजल्यामुळे होते.

नावांचा घोळ

‘सैनिक स्कूल’ ही केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखालील सैनिक स्कूल्स सोसायटीची शाळा. सहावी ते बारावी, माध्यम इंग्रजी, मंडळ सीबीएसई, अकरावी-बारावीला फक्त विज्ञान शाखा. प्राचार्य सेवेतला लष्करी अधिकारी असतो. जमीन, इमारती आणि शिष्यवृत्त्यांचा भार मुख्यत्वे राज्य सरकार उचलते. महाराष्ट्रात अशी शाळा साताऱ्याला १९६१ पासून आहे, आणि दुसरी चंद्रपूरला व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. २०२१ मध्ये केंद्राने खासगी संस्था व राज्य सरकारे यांच्या भागीदारीत १०० नव्या सैनिक स्कूलांची योजना मंजूर केली. या शाळा मूळच्या संस्थेच्याच राहतात, फक्त सोसायटीशी संलग्न होतात. त्यामुळे पाटीवर ‘सैनिक स्कूल’ दिसले तरी ती साताऱ्यासारखीच असेल असे नाही.

‘सैनिकी शाळा’ हे नाव वेगळ्या योजनेचे आहे. शब्दात फरक एका वेलांटीचा, व्यवहारात जमीन-अस्मानाचा. प्रत्येक जिल्ह्यात एक सैनिकी शाळा असावी असा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९५ साली घेतला आणि त्या शाळा खासगी शिक्षणसंस्थांकडे सोपवल्या. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, माध्यम मराठी किंवा सेमी-इंग्रजी, शिक्षकांचे पगार अनुदानातून, राहण्या-जेवणाचा खर्च पालकांकडून, आणि कवायतीला निवृत्त फौजी अशी त्यांची घडण आहे. सोलापूरकरांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे तुळजापूरचे श्री तुळजाभवानी सैनिकी विद्यालय. जिल्हा धाराशिव असला तरी सोलापूरहून तासाभराच्या वाटेवर. या शाळांचा संरक्षण मंत्रालयाशी प्रशासकीय संबंध नसतो.

तिसरा प्रकार सोलापुरात फारसा कुणाला ठाऊक नसतो. तो राष्ट्रीय मिलिटरी स्कूलांचा. चैल, अजमेर, बेळगाव, बेंगळुरू आणि धोलपूर अशा देशभरात फक्त पाच. त्यांतली बेळगावची १९४५ ची. याच पठडीतले डेहराडूनचे राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज १९२२ मध्ये सुरू झाले. तिथे आठवीत प्रवेश मिळतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि महाराष्ट्रातली परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते.

चौथी ‘अकॅडमी’. छलावरणाच्या रंगाचे टी-शर्ट, आवारात दोरखंड आणि टायर, फाटकावर रणगाड्याचे चित्र. यांतल्या काही सैनिक स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी घेतात, काही अग्निवीर आणि पोलीस भरतीसाठी पोरांना पळवतात. त्यात गैर काही नाही. पण ही शाळा नव्हे. शाळा असेल तर तिला शासनमान्यता आणि ११ आकडी यू-डायस क्रमांक असतो. तो विचारला की बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथे कळतात. शहरांमधली आर्मी पब्लिक स्कूले आणखी निराळी. ती मुख्यतः सैनिकांच्या मुलांसाठी असतात आणि नावात आर्मी असली तरी मुलाला फौजेत पाठवणे हे त्यांचे काम नाही.

पूर्वपीठिका

इंग्रजी अमदानीत अशा शाळा होत्या त्या एकतर सैनिकांच्या मुलांसाठी, नाहीतर संस्थानिक व बड्या घरांतल्या मुलांसाठी. स्थानिक पुढाकारातून निघालेल्यांत पुण्याची श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल (१९३२) आणि डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला काढलेली भोसला मिलिटरी स्कूल (१९३७) या महाराष्ट्रातल्या. स्वातंत्र्यानंतर अधिकारीवर्गात काही प्रांत आणि काही घरेच पुन्हा पुन्हा दिसू लागली. जवान खेड्यातला आणि साहेब शहरातला, ही विषमता मोडायची तर गावाकडच्या मुलाला चांगली निवासी शाळा द्यायला हवी, हा संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांचा विचार. त्यातून १९६१ मध्ये पाच सैनिक स्कूले निघाली. पहिली साताऱ्याची, २३ जून १९६१ रोजी. बाकीची कपूरथळा, बालाछडी, कुंजपुरा आणि चितोडगड. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण पुढच्याच वर्षी, चीनच्या युद्धानंतर, मेनन यांच्याच खुर्चीवर जाऊन बसले.

पहिली शाळा साताऱ्याला होण्यात नवल नव्हते. त्या जिल्ह्यात ‘मिलिटरी अपशिंगे’ नावाचे गाव आहे. घरटी फौजी ही तिथली रीत. सोलापूरची गोष्ट तशी नाही. हे गिरण्यांचे आणि मागांचे शहर. फौजेशी त्याची सर्वांत ठळक ओळख १९३० च्या मे महिन्यातली, शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हाची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना त्यापायी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या गावात मिलिटरीची शाळा हे घराण्याचे वळण नसते. शिक्षक सुचवतात, एखादा नात्यातला सुभेदार सुचवतो, किंवा पाचवीतले पोर गणितात चमकते म्हणून कुणी फॉर्म भरून टाकतो.

अंतर आणि अधिवास

सोलापूरच्या पालकाला नकाशा एक सांगतो आणि नियम दुसरेच. सर्वांत जवळचे जुने सैनिक स्कूल विजापूरचे, म्हणजे आताच्या विजयपुराचे. ते १९६३ साली सुरू झाले. राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर, रेल्वेही आहे. साताऱ्याला जायचे तर पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव करत दोनशेहून अधिक किलोमीटर एसटीत बसावे लागते. दक्षिण सोलापूरच्या भीमाकाठच्या गावातून तर पलीकडच्या तीरावर विजयपुरा जिल्हाच दिसतो. तिथे सोयरीक असते, बाजार असतो, घरात कानडी बोलली जाते.

पण सैनिक स्कूलमधल्या ६७ टक्के जागा शाळा ज्या राज्यात आहे तिथल्या अधिवासी, म्हणजे कायम रहिवासी मुलांच्या, आणि ३३ टक्के इतर सर्व राज्यांच्या मिळून. विजयपुरात सोलापूरचा मुलगा ‘बाहेरचा’ ठरतो आणि देशभरातल्या मुलांशी त्या ३३ टक्क्यांसाठी झुंजतो. साताऱ्यात आणि चंद्रपुरात तो घरचा. परीक्षेचे केंद्र कुठे घेतले याला महत्त्व नाही, अधिवास मोजला जातो. घराजवळची शाळा पहिल्या पसंतीत टाकून हातची साताऱ्याची जागा घालवणारे पालक दरवर्षी निघतात. कानडीत बोलणाऱ्या घराला हा नियम विशेष टोचतो, आणि तो टोचणे रास्तही आहे.

प्रवेश परीक्षा

अखिल भारतीय सैनिक स्कूल प्रवेश परीक्षा राष्ट्रीय चाचणी यंत्रणा घेते. सहावीसाठी मुलाचे वय ३१ मार्चला १० ते १२ वर्षे, नववीसाठी १३ ते १५. सहावीचा पेपर ३०० गुणांचा, अडीच तासांचा. त्यात एकटे गणित १५० गुणांचे. भाषा, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान प्रत्येकी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नववीचा पेपर ४०० गुणांचा, त्यात गणित २००.

एक बारकावा मराठी शाळेतल्या मुलांसाठी निर्णायक आहे. सहावीची परीक्षा १३ भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे. कन्नड, तेलुगू, उर्दूही आहेत, म्हणजे सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीतल्या मुलाची सोय झाली. नववीची परीक्षा मात्र फक्त इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलासाठी खरे दार सहावीचेच. ‘जरा मोठा होऊ दे, नववीला बघू’ म्हणणाऱ्यांच्या हे उशिरा ध्यानात येते.

ग्रामीण सोलापुरात ही तयारी वेगळी होत नाही. पाचवीच्या वर्गात नवोदय, शिष्यवृत्ती आणि सैनिक स्कूल यांचा जादा तास वर्षानुवर्षे एकत्रच भरत आला आहे. नवोदय म्हणजे मोहोळ तालुक्यातल्या पोखरापूरचे केंद्रीय निवासी विद्यालय. आकृत्यांची मालिका, वेगळे पद ओळखा, आरशातली प्रतिमा ही बुद्धिमत्तेची गणिते तिन्हीकडे चालतात. खरा फरक गणिताच्या वजनात आणि सामान्यज्ञानात. नवोदयसाठी घोटलेले मूल इथे ‘नौदलप्रमुख कोण’ या प्रश्नाशी अडखळते.

लेखी परीक्षेच्या गुणवत्तेनंतर वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणा, सपाट तळवे, सरळ उभे राहिल्यावर एकमेकांना लागणारे गुडघे यांवर मुले अडतात. निवडीच्या यादीत नाव आल्याचे पेढे वाटून झाल्यावर रंगांधळेपणा कळणे फार जिव्हारी लागते. नेत्रतज्ज्ञाकडे ठिपक्यांच्या आकड्यांचे पुस्तक असते. फॉर्म भरण्याआधी ते मुलापुढे धरून घेणे पाच मिनिटांचे काम आहे.

ट्रंक

प्रवेश पक्का झाला की शाळेकडून सामानाची यादी येते आणि घरात पत्र्याची ट्रंक येते. वर पांढऱ्या रंगाने नाव आणि कॅडेट क्रमांक. पांढरे पीटी शूज, काळे बूट, पॉलिश, पट्ट्याच्या बक्कलासाठी ब्रासो, मच्छरदाणी, सुईदोरा. प्रत्येक कपड्यावर, मोज्यावरसुद्धा, क्रमांक शिवायचा किंवा मार्करने घालायचा. हे काम आई रात्री जागून करते. सोलापूरला यात एक गंमत आहे: हे शहर गणवेशाच्या धंद्याचे मोठे केंद्र आहे आणि २०१७ पासून इथे गणवेशांचे खास प्रदर्शनही भरू लागले. शिलाईयंत्रावर दिवसभर परमुलुखातल्या शाळांचे शर्ट शिवणाऱ्या घरातला मुलगा स्वतःचा गणवेश मात्र शाळेच्या भांडारातून विकत घेतो. चादर सोलापुरीच जाते, पण पलंगावर शाळेने ठरवलेली पांढरी अंथरायची म्हणून ती ट्रंकेच्या तळाशी राहते. शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकऱ्यांची चवड बहुतेक ठिकाणी पहिल्याच तपासणीत मेसमध्ये जमा होते किंवा आईबरोबर परत जाते.

पहाटे उठणे, पीटी, नाश्ता, मैदानावर फॉल-इन, वर्ग, जेवण, थोडी विश्रांती, खेळ, संध्याकाळी सक्तीचा अभ्यास म्हणजे ‘प्रेप’, जेवण, हजेरी, दिवे बंद. कुठल्याही सैनिकी शाळेचा दिवस थोड्याफार फरकाने हाच. मुले ‘हाउस’मध्ये विभागलेली, हाउस मास्टर, मेट्रन आणि वरच्या वर्गातला हाउस कॅप्टन हे घरच्या माणसांच्या जागी. कवायतीचे हुकूम हिंदी: सावधान, विश्राम, दहिने मुड, थम. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात वर्गात इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि अंथरुणात मराठी अशी तीन भाषांची कसरत करावी लागते. दिवाळीच्या सुटीत घरी आलेले पोर उठल्याबरोबर पांघरुणाची घडी घालते आणि आजीला प्रश्नाचे उत्तर ‘जी’ असे देते. नातेवाईक कौतुकाने पाहतात. पहिल्या महिन्यातले रडणे कुणी सांगत नाही. ते जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येते. मोठ्या मुलांकडून होणारा जाच हा निवासी शाळांचा जुना रोग आहे आणि गणवेशाने तो आपोआप बरा होत नाही. शाळा निवडताना इमारतीपेक्षा रात्री वसतिगृहात कोण मोठे माणूस झोपते हे विचारावे.

एनडीए आणि पुढे

सैनिक स्कूलच्या मुलाला एनडीएत राखीव जागा नाही. तो संघ लोकसेवा आयोगाची तीच परीक्षा देतो जी सोलापुरातल्या कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयातला मुलगा देतो. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६०० असे लेखीचे ९०० गुण, आणि तितकेच ९०० सेवा निवड मंडळाच्या, एसएसबीच्या, पाच दिवसांच्या मुलाखतीचे. निवासी शाळेचा खरा फायदा या दुसऱ्या निम्म्यात होतो. एकेका शब्दावर १५ सेकंदांत वाक्य लिहिणे, गटात फळी आणि दोर देऊन अडथळा पार करायला लावणे, अनोळखी मुलांत आपले म्हणणे मांडणे, हे सात वर्षे हाउसमध्ये काढलेल्या मुलाला परके वाटत नाही. शिकवणीत पाठ केलेले नेतृत्व मंडळाच्या मानसशास्त्रज्ञापुढे तिसऱ्या उत्तरालाच उघडे पडते.

दहावीनंतरही एक वाट आहे, आणि ती सरकारी आहे: छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व शिक्षण संस्था, लोकांच्या तोंडी ‘एसपीआय’. राज्य सरकारने ती १९७७ मध्ये काढली. अकरावी-बारावीची दोन वर्षे मुलांना ठेवून एनडीएची तयारी करून घेतली जाते. सहावीची संधी हुकलेल्या सोलापूरच्या मुलाने भरमसाट फीच्या अकॅडमीआधी इथला अर्ज भरावा.

साताऱ्याच्या माजी विद्यार्थ्यांत हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप वसंत नाईक आहेत आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडलेले कर्नल संतोष महाडिकही. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. २०२४ मध्ये तर लष्करप्रमुख उपेंद्र द्विवेदी आणि नौदलप्रमुख दिनेश त्रिपाठी हे रीवाच्या सैनिक स्कूलमधले एकाच वर्गातले दोघे दोन महिन्यांच्या अंतराने पदावर आले. अशी नावे शाळांच्या माहितीपत्रकांत झळकतात. तरी पुष्कळ मुले अधिकारी न होता अभियंते, डॉक्टर, शिक्षक होतात.

मुली

राज्यात मुलींसाठी सैनिकी शाळेची सुरुवात पुण्याजवळच्या कासार आंबोलीला १९९७ मध्ये झाली. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची ही शाळा राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आहे. केंद्राच्या सैनिक स्कूलांनी २०१८ मध्ये मिझोरममध्ये प्रयोग करून पाहिला आणि २०२१-२२ पासून सर्वत्र मुलींना १० टक्के जागा दिल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएचे दार २०२२ मध्ये उघडले, आणि पहिल्या १७ मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. नाशिकला २०२३ पासून मुलींची वेगळी एसपीआय आहे. २०२१ साली सहावीत दाखल झालेल्या मुलींची पहिली तुकडी २०२८ च्या मार्चमध्ये बारावीला बसेल.