इंग्लिश उमरावांचा पत्रव्यवहार व साक्षरता (चौदावे–पंधरावे शतक)

या काळात वाचता येणे आणि लिहिता येणे ही दोन निरनिराळी कौशल्ये होती. ‘लिटराटस’ (साक्षर) म्हणजे लॅटिन जाणणारा. त्यामुळे फ्रेंच सहज वाचणारा सरदारही त्या अर्थाने निरक्षरच ठरे. उमरावांची पत्रे सुमारे १४०० पर्यंत बहुधा फ्रेंचमध्ये असत. राजा हेन्री पाचव्याने १४१७ पासून आपल्या खाजगी मुद्रेची पत्रे इंग्रजीत पाठवायला सुरुवात केल्यावर इंग्रजीला प्रतिष्ठा आली, असे सामान्यतः मानतात.

मजकूर धनी तोंडी सांगे, कारकून उतरवून घेई. मायना ठरीव असे. शेवटी धन्याने स्वतःच्या हाताने एखादी ओळ लिहिणे ही खास मर्जीची खूण. शाई मायफळाचा काढा, हिराकस आणि डिंक यांची. ताजी असताना फिकी, हवा लागल्यावर काळी होणारी. हिराकस जास्त झाला की कालांतराने अक्षरांखालचा कागद खाल्ला जाई. पाकिटे नव्हती. पत्राच्याच घड्या घालून लहान लखोटा करीत, चिरांतून दोरा किंवा कागदाची पट्टी ओवून तीवर मेणाची मुद्रा उठवीत आणि बाहेर पत्ता लिहीत.

स्त्रिया स्वतः लिहीत का, हा वादाचा मुद्दा आहे. पुरावा मुख्यतः नॉर्फकच्या पॅस्टन घराण्याचा; हे घराणे उमरावांचे नव्हे, जमीनदारांचे, हे ध्यानात ठेवावे लागते. मार्गारेट पॅस्टनची शंभरावर पत्रे अनेक कारकुनांच्या हस्ताक्षरांत आहेत. मार्जरी ब्र्यूजने पॅस्टन घराण्यातील भावी पतीला १४७७ च्या फेब्रुवारीत पाठवलेले ‘व्हॅलेंटाइन’ पत्रही टॉमस केला नावाच्या कारकुनाच्या हातचे आहे. तिच्या सहीचे वळण मात्र नवशिक्याचे, अडखळते. कारकून वापरला म्हणजे लिहिता येत नव्हते असे सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. लिहिता येणारे पुरुषही कारकून वापरीत. तथापि मार्गारेटच्या इतक्या पत्रांत खात्रीने तिची म्हणावी अशी एकही ओळ नाही, हे पाहता तिला लिहिता येत नसावे, हेच मत अधिक संभाव्य वाटते. वाचनाविषयी यावरून काहीच ठरत नाही.

तारीख संताच्या सणावरून देत व वर्ष पुष्कळदा गाळीत. म्हणून कालनिश्चिती मजकुरातील घटनांवरून करावी लागते. सार्वजनिक टपाल नव्हते. पत्र विश्वासू नोकराबरोबर जाई, आणि नाजूक मजकूर कागदावर न आणता ‘पत्रवाहक सांगेल त्यावर विश्वास ठेवावा’ एवढेच लिहीत.