बालवर्गातील पुरुष शिक्षक: नॉर्वे आणि भारत यांच्या आकड्यांमागची पार्श्वभूमी

नॉर्वेतील बालवाड्यांत काम करणाऱ्यांपैकी साधारण १० टक्के पुरुष आहेत, तर भारतातील तेरा-चौदा लाख अंगणवाड्यांत सेविकेचे पदच स्त्रियांसाठी आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तिकडचे पुरुष मुलांत रमतात आणि इकडचे रमत नाहीत, असा निष्कर्ष चटकन काढला जातो. ही पदे कशी निर्माण झाली ते पाहिल्यास तो टिकत नाही.

योगायोग असा की दोन्हीकडे १९७५ हेच वर्ष निर्णायक ठरले. नॉर्वेने त्या वर्षी बालवाड्यांचा कायदा करून त्यांच्या विस्ताराची जबाबदारी स्थानिक पालिकांवर टाकली. पुरुष तेव्हा तिथेही नावालाच होते. १९९३ मध्ये पालकत्व रजेतील चार आठवडे केवळ वडिलांसाठी राखले गेले आणि बाळाचे संगोपन हे बापाचेही काम आहे, यावर सरकारी शिक्कामोर्तब झाले. युरोपीय आयोगाच्या बालसंगोपनविषयक तज्ज्ञगटाने १९९६ मध्ये बालवाड्यांत २० टक्के पुरुष असावेत, असे उद्दिष्ट सुचवले. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नसूनही त्याने ते उचलले. पाठोपाठ १९९८ च्या नियमाने, पात्रता जवळपास समान असेल तर मुलांच्या शिक्षण-संगोपनाच्या नोकऱ्यांत पुरुष उमेदवाराला झुकते माप देण्याची मुभा मिळाली. रानात शेकोटी पेटवणाऱ्या, मुलांच्या हाती लाकूड तासायला चाकू देणाऱ्या उघड्यावरच्या बालवाड्यांकडे पुरुष अधिक वळले. तरीही २० टक्क्यांचा पल्ला गाठता आलेला नाही.

भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. मेळघाटातील धारणी हा त्यांपैकी एक. योजनेतील सहा सेवांपैकी शालेयपूर्व शिक्षण ही केवळ एक. बाळांची वजने घेणे, पूरक आहार वाटणे, लसीकरणासाठी मुलांना जमवणे, गरोदर व स्तनदा मातांच्या घरी जाणे ही सारी कामे एकाच व्यक्तीकडे असल्याने ती स्थानिक स्त्रीच असावी, ही अट समजण्यासारखी होती. त्या अटीने मुलांना गाणी-गोष्टी शिकवण्याचे दारही पुरुषांना बंद झाले, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. (प्रकल्प अधिकाऱ्याच्या खुर्चीला ही अट नाही, हेही लक्षात घ्यावे.) शिवाय सेविकेला वेतन नव्हे, मानधन, म्हणजे काम शिक्षिकेचे आणि दर्जा स्वयंसेविकेचा.

वास्तविक पुरुष बालशिक्षक ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि लोकांनी त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, हे नाव दिले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उभारले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने बालवाडी आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव घेतले, पण शिकवणाऱ्याला शिक्षकाचा दर्जा देण्याचे टाळले.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, पण मानधनाची पद्धत कायम राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार शाळांना जोडलेल्या बालवाटिकांना, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गांना, सेविकेप्रमाणे स्त्रीच नेमण्याची अट लागू नाही. नॉर्वेशी तुलना करायचीच तर अंगणवाडीपेक्षा या बालवाटिकांतल्या शिक्षकांची नोंद घेणे अधिक रास्त ठरेल.