गहू एक, विमे दोन: ओक्लाहोमातल्या चराईच्या गव्हाची पार्श्वभूमी

आपल्याकडे उभ्या गव्हात कुणाची गुरं शिरली की थेट कोंडवाडा, नाहीतर भांडण. अमेरिकेत ओक्लाहोमा, दक्षिण कॅन्सस आणि टेक्सासच्या उत्तर टोकाच्या 'पॅनहँडल' भागात मात्र शेतकरी स्वतःच्या हातानं गव्हात गुरं सोडतात. सप्टेंबरात जरा लवकर पेरायचं, नोव्हेंबरपासून वासरं चरायला घालायची आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गहू कांडी धरायला लागला की लगेच बाहेर काढायची, कारण त्यानंतर आठवडाभर जरी जास्त चरलं तरी दाण्याला फटका बसतो. जूनमध्ये कापणी. म्हणजे एकाच पेरणीतून दोन उत्पन्नं, पण विमा मात्र कित्येक वर्षं एकाचाच.

त्याचं मूळ 1930 च्या दशकात आहे. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी हा सगळा भाग उजाड झाला तेव्हा रूझवेल्ट सरकारनं 1938 मध्ये पीक विम्याचा कायदा केला आणि सुरुवात फक्त गव्हापासून केली. पहिलं विमा उतरवलेलं पीक 1939 चं. हप्ता कमी आणि भरपाई जास्त, त्यामुळे 1943 मध्ये संसदेनं योजनाच थांबवली, मग 1945 च्या हंगामाला परत चालू. 1980 च्या कायद्यानं खाजगी कंपन्या आल्या, हप्त्यावर सबसिडी आली, पिकं वाढली, पण गव्हाचा हिशोब तोच, दाणा किती बुशेल (तिकडचं धान्याचं माप). शरदात पाऊस नाही, गहू वीतभर पण वाढला नाही, वासरांना चारा विकत घातला, आणि पुढे वसंतात पाऊस पडून दाणा बरा आला तर क्लेम शून्य!

मला वाटतं खरी अडचण मोजायची होती. दाणा काट्यावर चढतो, गवत गुरांच्या पोटात जातं, त्याचा पंचनामा करणार कसा? म्हणून 2007 मध्ये कुरणांसाठी पर्जन्य निर्देशांकाचा पायलट आला, गवत मोजायचंच नाही, दोन-दोन महिन्यांचा पाऊस मोजायचा, नेहमीपेक्षा बराच कमी पडला की भरपाई. (ही कल्पना 1920 मध्येच म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी मांडली होती, आपण विसरलो.) पेरलेल्या चाऱ्यासाठी, म्हणजे चराईच्या गव्हासाठीही, तसाच विमा 2014 च्या हंगामापासून सहा राज्यांत आला, पण त्याच जमिनीवरच्या त्याच गव्हाचा दाण्यासाठीही विमा काढायची सोय नव्हती, एक काय ते निवडा. म्हणजे दोन्ही धंदे करणारा पुन्हा लटकलेलाच.

हे 2018 च्या शेती कायद्यानं सुटलं, आणि 2021 च्या हंगामापासून निवडक काउंट्यांमध्ये (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांमध्ये) एकाच गव्हावर चाऱ्याचा वेगळा आणि दाण्याचा वेगळा असे दोन्ही विमे घेता येतात, हप्ते अर्थात दोन. फक्त चाऱ्याची भरपाई आपल्या शेतातल्या पावसावर नाही, नकाशावर अक्षांश-रेखांशानं आखलेल्या पाव अंशाच्या चौकोनातल्या पावसाच्या आकड्यावर मिळते, म्हणजे मंडळातल्या पर्जन्यमापकावरून आपल्याकडे जी कुरकुर चालते तीच तिकडेही.